आमच्यात नारिंगी पट्टा नव्हता

३ नोव्हेंबर, सोमवार. धुळे

सरांचा फोन. मी असिस्टंट आहे त्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल चालू होतं, म्हणून व्हरांड्यात जाऊन घेतला. निंबा सर फोनवरही बसमध्ये बोलल्यासारखे मोठ्याने बोलतात. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी आवाज कंडक्टरचाच.

"तीस तारखेला जळगावला ब्लॅक बेल्टची परीक्षा आहे. रविवार आहे. या वेळी कारण सांगू नको."

मग खरी गोष्ट. डिसेंबरात नाशिकला मुलीकडे गुडघ्यांचं ऑपरेशन, नंतर कायमचे तिथेच. धरणगावच्या मार्केट यार्डातला लिलावाचा ओटा क्लासला मिळतो तो सरांच्या ब्लॅ. बे.च्या सर्टिफिकेटवर. ते गेले की ओटा गेला. गावात दुसरं ब्लॅ. बे. कुणी नाही. तपकिरी पट्ट्यापर्यंत आलेली, लग्न करून न गेलेली आणि हात-पाय शाबूत असलेली मी एकटी. (यादी सरांचीच.)

"नऊ पोरी आहेत आता. त्यांना काय सांगू, शेवटचा स्टॉप आला, उतरा?"

मी हो म्हणाले. आत येऊन पोरांना लिटमसऐवजी फिल्टर पेपर वाटले. बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही.

५ नोव्हेंबर, बुधवार

इथे तरी खरं लिहून ठेवते.

तीन वर्षांपूर्वी याच परीक्षेला मी गेले नव्हते. सगळ्यांना सांगितलं, टी.वाय.चं प्रॅक्टिकल त्याच दिवशी आलं. प्रॅक्टिकल सोमवारी होतं. परीक्षा रविवारी.

भीती वाटली होती. मार लागायची नाही. आमच्या घरात कुणी नापास झालेलं नाही, कारण नापास होण्याइतकं पुढे कुणी गेलंच नाही. माझा प्रत्येक निकाल आबा इस्त्रीच्या टपरीवर येईल त्याला सांगतात. दहावी, बारावी, बी.एस्सी. गिऱ्हाईक शर्ट मागायला आलेलं असतं, त्याला माझे मार्क मिळतात. "आमनी ज्योती नापास होसच नही." हे ऐकत मोठी झाले.

काता एकटीने करायचा असतो. ठरलेल्या हालचाली, ठरलेला क्रम, समोर कुणी नाही. त्यात मी चुकत नाही. पाठांतरासारखं आहे ते. पण कुमितेत, म्हणजे लढतीत, समोर माणूस असतो आणि त्याने काय करायचं हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

सरांना तेव्हाच कळलं असणार. एवढंच म्हणाले होते, "ठीक आहे. मागच्या गाडीने ये."

८ नोव्हेंबर, शनिवार

गच्चीवर सराव. घरमालकीण अक्का मिरच्या वाळत घालायला वर आल्या, मला बघून जिन्यातच थांबल्या.

"काय करी राहिनी व माय? नाच बसाडी राहिनी का?"

कराटे म्हटलं तर म्हणाल्या, कर कर, पण मिरच्यांवर पाय नको देऊ.

मांड्या थरथरताहेत. तीन वर्षं बाकावर बसून रजिस्टर भरलं त्याचा परिणाम.

पहिला दिवस आठवला. सहावीत होते. आबांच्या टपरीशेजारी कोळशाच्या पोत्यावर बसायचे. तिथून ओटा समोरच दिसायचा. सर ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच यायचे, टोपी खुंटीला, पांढरा गणवेश अंगावर, आणि हातात तिकिटाचा पंच. पंच लोखंडी खांबावर वाजवून मोजायचे. टिक, इची. टिक, नी. टिक, सान. रांग मागे रेलली की ओरडायचे, "पुढे सरका, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या." मला वाटायचं हेही जपानीच आहे.

आबांनी एक दिवस विचारलं, "जावानं शे का तठे?" मी मान हलवली. त्यांनी हातातली इस्त्री उभी केली आणि मला हाताला धरून ओट्यावर नेलं. इस्त्री उभी करून आबा कुठे गेलेत असं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कॉलेजमधल्या मॅडमनी विचारलं, तुमच्यात कोणकोणते बेल्ट असतात. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तपकिरी, काळा. त्यांचा भाचा शिकतो. म्हणाल्या, नारिंगी राहिला. म्हटलं, आमच्यात नारिंगी नव्हता.

का ते सांगत बसले नाही. इथे लिहिते.

आमच्या क्लासात नवा पट्टा मिळायचा नाही. पहिल्या दिवशी एक पांढरा सुती पट्टा मिळायचा, तोच शेवटपर्यंत. परीक्षा पास झालो की सर सगळ्यांचे पट्टे गोळा करून रंगारी चाचांकडे द्यायचे. चाचा पांढऱ्यावर पिवळा चढवायचे, पिवळ्यावर हिरवा, हिरव्यावर निळा. निळा म्हणजे खरं तर मोरपंखी. सर म्हणायचे, "गाडी तीच, पाटी बदलते." सुरुवातीला नारिंगीही होता म्हणे. पण चाचांनी सरांना बजावलं, "नारंगी पे हरा नहीं चढता मास्टर, मटमैला होता है." तेव्हापासून धरणगावच्या कराटेतून नारिंगी गेला. जपानला कुणी विचारलं नाही.

पट्टे घ्यायला आम्ही पोरी चाचांच्या गल्लीत जायचो. दोरीवर ओळीने वाळत असायचे. सगळे सारखेच, तरी प्रत्येकीला आपला ओळखू यायचा. माझ्या टोकाला मायने लाल दोऱ्याची खूण घातली होती, लोकांच्या कपड्यांना घालते तशी.

१६ नोव्हेंबर, रविवार. धरणगाव

सकाळच्या गाडीने एरंडोल, तिथून घरी. दुपारी ओट्यावर.

कापसाचा हंगाम. ओट्यावर सगळीकडे कापसाची पुंजकी आणि सरकी. पोरी आधी झाडतात, मग रांगा लावतात. झाडलं तरी सरकी उरतेच, तळपायाला टोचते. पूर्वी आम्ही कुरकुर केली की सर म्हणायचे, जळगावच्या पोरी मऊ मॅटवर शिकतात, त्यांना हे सुख नाही.

सर आता खुर्चीत बसून शिकवतात. पंच खुर्चीच्या दांडीवर वाजवतात. नऊ जणींत सगळ्यात लहान आफरीन, चाचांची नात. कमरेला पिवळा पट्टा. तिने मला विचारलं, "दीदी, तुम्ही काळ्या झाल्या की आम्हाला मारणार का सरांसारखं?" सर म्हणाले, "मी कधी मारलं?" नऊ जणींनी एकदम वर पाहिलं.

घरी माय पट्टा हातात धरून बसलेली. कपड्याची घाण दोन बोटांत चोळून बघते तसा बघत होती.

"गावना बठ्ठा कपडा आपुन धवळा करतस, आनि मन्ही पोर असा मळका पट्टा बांधीसन फिरस."

"माय, पट्टा धुवत नाहीत."

"कसाले?"

"मेहनत धुऊन जाते म्हणतात."

"मेहनत काय पानीमा निंघी जास का? मी तीस वरीस धुई राहिनी, कोनी मेहनत निंघेल देखी नही."

हसलो दोघी. हा वाद हिरव्या पट्ट्यापासूनचा आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार. धरणगाव

सरांनी मोठ्या दोन पोरींना माझ्या अंगावर सोडलं. कुमिते. पहिली ठीक. दुसरीने सरळ चाल केली आणि मी मागे, मागे, ओट्याच्या कडेपर्यंत. पडले नाही एवढंच.

"मॅडम, दारात का उभ्या राहता? पुढे सरका," सर.

पोरी हसल्या. मीही. पण सर हसत नव्हते.

निघताना त्यांनी थांबवलं. म्हणाले, "ब्लॅक बेल्ट म्हणजे फार काही नसतं. कुणीतरी मागे उभं आहे म्हणून तुला पुढे जावं लागतं. एवढंच." आणि लगेच पाणी मागितलं.

गणवेश आणि पट्टा घरीच ठेवला. परीक्षेसाठी आबा खळ घालून इस्त्री करणार. लहानपणी आबांच्या खळीमुळे माझ्या गणवेशाचा ठोसा मारताना फटाक्यासारखा आवाज यायचा. बाकीच्या पोरींना वाटायचं मी फार जोरात मारते. कितीतरी वर्षं मलाही तसंच वाटायचं.

आठवडाभर धुळ्याला ट्रॅकपँटवर सराव. शनिवारी घरी, रविवारी तिथूनच जळगाव.

२९ नोव्हेंबर, शनिवार. धरणगाव

मायने पट्टा धुतला.

दारात तारेवर होता. मी आधी ओळखलाच नाही. तपकिरी जवळजवळ गेलेला. कुठे मोरपंखी, कुठे हिरवा, टोकाला पिवळा, मधेच एक पांढरा ठिगळासारखा डाग. फक्त गाठ जिथे बसते तिथे तपकिरी उरलेला.

माय खूश. "देख कसा निंघना. तीन डाव भट्टी लावी तवय मळ सुटना. साहेबलोकेसमोर जाशी ना, म्हनीसन."

सोडा टाकून भट्टीत उकळला. लॉजच्या चादरी उकळते तसा. वर ब्लीचिंग.

"मळ नव्हता तो. रंग होता."

तिला आधी कळेना. मग कळलं. तिचा चेहरा... आणि मी त्याच वेळी म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?"

बी.एस्सी. झाले तेव्हा ठरवलं होतं, हे वाक्य या घरात मी कधी बोलायचं नाही. बोलले.

पट्टा घेऊन चाचांकडे पळाले. चाचांनी चष्मा वर करून, डोळ्यांजवळ धरून, वीतभर वीतभर सरकवत पाहिला. "देख बेटी, मेरा पीला अभी जिंदा है. हरा भी. ऊपर का ही गया."

"चाचा, आज तपकिरी होईल का?"

"डाल तो दूँ. सुबह तक गीला रहेगा. तेरे सफेद कपड़े पे सब उतरेगा, भालू दिखेगी."

तिथून सरांकडे. त्यांनी पट्टा मांडीवर पसरला. मला वाटलं आता ओरडतील. एकेका रंगावर बोट ठेवत गेले.

"सगळे थांबे दिसताय," म्हणाले. "मॅडम, याला म्हणतात साधी गाडी. सगळीकडे थांबत आलेली."

"सर, हसू नका. उद्या काय बांधू?"

"हाच."

घरी आले तर माय चुलीपाशी. भाकरी टाकली, पुढे सरकवली. आबा गणवेशाला इस्त्री करत होते, गरजेपेक्षा जास्त वेळ.

३० नोव्हेंबर, रविवार. घरी परत

क्रमाने लिहिते.

सकाळी निघताना माय नवं लुगडं नेसून तयार. "मीबी येस." इतक्या वर्षांत ती कधी ओट्यापर्यंतही आली नव्हती, दुपार तिची घाटावर जायची. आबा म्हणाले, जाऊ दे. गाडीत ती खिडकीशी, मी मधे, सर कडेला. सरांनी सवयीने मागच्या सगळ्या सीट मोजल्या.

हॉलमध्ये निळ्या मॅट, पाय बुडतात असा मऊपणा. सरकीची सवय असलेल्या पायांना काही टोचेचना, तर तोलच सापडेना. रांगेत तपासणी. परीक्षक बाहेरगावचे, तिघे. मधले माझ्यापुढे थांबले.

"हा कोणता बेल्ट?"

"तपकिरी."

"हा?"

शेजारच्या दोन मुली हसल्या. परीक्षक चिडले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. म्हणाले, कुणाचा तरी ब्राऊन मागून घ्या, तोवर बाजूला उभ्या राहा. जळगावच्या एका मुलीने लगेच आपल्या पिशवीतून दुसरा काढला. कोरा करकरीत, विकतचा. माझा हात पुढे गेला होता.

आणि चपला हातात धरून माय मॅटवरून सरळ टेबलाकडे. कुणी तिला अडवायच्या आत.

"साहेब, तो पट्टा मी धुया. पोरनी काही चूक नही. रंग गया. शिकेल ते बठ्ठं शे तिनाजोडे."

परीक्षकांना अर्धं कळलं असेल. सर भिंतीला धरून उठू लागले होते, ते पुन्हा खाली बसले. मी पुढे केलेला हात मागे घेतला. म्हणाले, "सर, हा माझाच आहे. मी हाच बांधते."

परीक्षकांनी मायकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं. "रांगेत या."

मूलभूत हालचाली, पास. काता, पास. कात्यात खळीचा आवाज असा निघाला की मागून कुणीतरी "अरे" म्हणालं.

कुमिते तीन. पहिली जिंकले. दुसरी बरोबरीत. तिसरीत समोर तीच पट्टा देणारी मुलगी. उंच, शांत. तिने पहिलं पाऊल टाकलं आणि मी मागे. पुन्हा मागे. रेषेबाहेर. रेफरीने आत घेतलं. पुन्हा रेषेबाहेर. मागून सरांचा आवाज, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा, "पुढे सरका!" लोक हसले. मी पुढे सरकले. शेवटच्या काही सेकंदांत. एक ठोसा लागला, तिलाही लागला. मग वेळ संपली.

संध्याकाळी यादी वाचली. "ज्योती, धरणगाव. काता उत्तीर्ण. कुमिते पुन्हा. मार्चमध्ये."

म्हणजे नापास.

गाडीत माय म्हणाली, "पट्टामुये व्हयनं का?"

"नाही माय. मी मागे सरकले म्हणून झालं."

"मंग पट्टानं काही नही ना?"

"नाही." आणि मग म्हटलं, "काल मी जे बोलले ते..." तिने खिडकीतून बाहेर बघतच माझा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला. सोड्याने चिरलेली बोटं.

आबांना टपरीवरच सांगितलं. कसं सांगू याचा तीन वर्षं विचार केला होता. सांगायला दोन शब्द लागले. त्यांनी हातातला शर्ट पुरा केला, घडी घातली.

"परत कव्हय शे?"

"मार्चला."

"बरं." पुढचा शर्ट घेतला. मी अजून उभीच, तर म्हणाले, "चहा ठेव."

१ डिसेंबर, सोमवार. धुळे

अंग दुखतंय. डाव्या दंडावर मोठा निळा डाग. मोरपंखी खरं तर.

नापास झाल्यावर काय होतं ते आता माहीत आहे. चहा ठेवतात.

७ डिसेंबर, रविवार. धरणगाव

सरांसोबत मार्केटच्या सेक्रेटरींकडे. सरांनी काठी टेबलाला टेकवली. मी सांगितलं, काता झालाय, कुमिते मार्चमध्ये. ते म्हणाले, मार्चपर्यंत सरांच्या नावावर चालवा. पुढे सर्टिफिकेट असेल तर ओटा, नसेल तर गोडाऊनवाले कधीपासून मागताहेत.

"आणि मार्चला पुन्हा राहिलं तर?" त्यांनी सरळ विचारलं.

सर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "तर तेव्हा येऊन सांगेन." दुसरं काही खरं उत्तर नव्हतं.

आबांची टपरी ओलांडताना ऐकलं. कुणाला तरी सांगत होते, "मार्चमा शे परत. तीनमाईन दोन व्हई गयात." गिऱ्हाईक शर्ट मागत होतं.

पट्टा चाचांकडे टाकला, तपकिरी करायला. त्यांनी विचारलं, "सीधा काला कर दूँ? मार्च में फिर आना नहीं पड़ेगा." नको म्हटलं. हसले. माय सोबत होती. तिने चाचांना तीन वेळा विचारलं, रंग पक्का का. चौथ्यांदा चाचा म्हणाले, "अक्का, तुम्हारी भट्टी से पक्का कुछ नहीं होता."

१४ डिसेंबर, रविवार. धरणगाव

सर काल नाशिकला गेले. जाताना पंच दिला. म्हणाले, स्प्रिंग ढिली आहे, अंगठ्याने दाब. पोरी रडल्या. आफरीन नाही. ती म्हणाली, सर ऑपरेशन झालं की पळत येतील.

आज पहिला वर्ग माझा. शनिवार-रविवार घेणार, धुळ्याहून येऊन. ओटा झाडला. सरकी उरली. नऊ जणी रांगेत. मी पंच खांबावर वाजवला, टिक. इची. दहापर्यंत गेले तर मागची रांग रेललेली. तोंडातून आपोआप गेलं, पुढे सरका. नऊ जणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सरकल्या.

मधेच माय आली. ओट्याच्या पायरीशी उभी, पदराखाली काहीतरी. पट्टा. चाचांनी सकाळी दिलेला, नवा तपकिरी. कापडात गुंडाळून आणला होता, नारळासारखा.

हातात घेतला तर लाकडासारखा. आबांनी खळ घातलेली. दोन्ही बाजूंनी, भरपूर, कडक इस्त्री.

"तुना बापले सांगं मी, नको," माय म्हणाली. "ऐकस का?"

बांधला. पहिली गाठ सुटली. दुसरी गाठ घातली, ती टणकन उघडली. पोरी ओठ दाबून उभ्या. मायने पुढे येऊन टोक धरायला बघितलं, मग हात मागे घेतला.

"धुऊ का जरा?" तिने विचारलं. आणि तीच आधी हसली.

तिसऱ्यांदा बांधला. पंच उचलला. बारा मोजेपर्यंत राहिली गाठ, मग सुटली. पुन्हा बांधली. अजून नीट बसत नाही.